‘मकंजी साहेब’ नेमका कोण? आजीच्या मालकाचा माग काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजी जावळी तालुक्यातली, जन्म 1918 च्या आसपासचा. विशीच्या आतच नवरा गेला. दोन मुलं आईजवळ ठेवून ती साहेबाकडे आया म्हणून राहिली, ती आठ-दहा वर्षं. साहेबाचं नाव घरात ‘मकंजी’ असं सांगतात. त्याच्या मुलाला, टॉमीबाबाला, तिनं वाढवलं. उन्हाळ्यात म्हाबळेसर, पावसाळ्यात पुणं, थंडीत मुंबई असं तिचं फिरणं असे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर साहेब विलायतेला गेला आणि ती गावी परतली. ट्रंकेत एक इंग्रजी चिठ्ठी आणि एक फोटो आहे. नव्वदीला टेकलेल्या आत्या अजून बोलत्याचालत्या आहेत. साहेब कोण होता, त्याची माणसं आज कुठे असतील, हे कळेल का?

कळण्याची शक्यता चांगली आहे. पण तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलीत. तुम्ही लिहिता की ‘मॅकेन्झी, पूना’ असं टाकून तीन महिने शोधलंत आणि शेकड्यांनी मॅकेन्झी निघाले. निघणारच. नाव हा या कामातला सगळ्यात कच्चा धागा. आपल्या लोकांनी साहेबांची नावं आपल्या जिभेला सोसतील तशी करून घेतली. मोडी कागदांत एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’ झालेला मी कितीदा वाचलाय. साहेबांनीही तेच केलं. आपल्या पालवा बंदराचं त्यांनी अपोलो बंदर केलं, आणि देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहून वैतागलेल्या गोऱ्या शिपायांनी ‘डूलॅली’ हा वेड लागण्यासाठीचा शब्दच इंग्रजीला दिला. तेव्हा ‘मकंजी’ म्हणजे मॅकेन्झी असेल, मॅकिनन असेल, आणखीही काही असेल.

आणि मुळात तो गोरा होता हे कशावरून? मकनजी हे सरळसरळ गुजराती नाव आहे. माणेकजीचं मकंजी व्हायलाही वेळ लागत नाही. पुणे कॅम्पात पारशी, बोहरी, बगदादी ज्यू, गोवेकर अशी कितीतरी सधन घरं होती, त्यांच्याकडेही आया असत, आणि गावाकडे परतल्यावर मालक ‘साहेब’च होई. म्हणून आत्यांना विचारा: आजी घरातल्या बाईला काय म्हणायची? ‘मेमसाब’ म्हणत असेल तर घर बहुधा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन. ‘बाईसाहेब’, ‘शेठाणी’ असं काही तोंडात आलं तर गाडी वेगळ्या रुळावर न्यावी लागेल. ‘टॉमीबाबा’ आणि विलायतेला जाणं यावरून मला गोऱ्याचंच घर वाटतं. पारशी घरांतही इंग्रजी लाडनावांची हौस दांडगी होती, पण लढाई संपताच सगळं घर विलायतेला उठून जाणं हे तिथे सहसा होत नसे.

आता खरा धागा. तुम्ही जे वाक्य सहज लिहून गेलात, ‘उन्हाळ्यात म्हाबळेसर, पावसाळ्यात पुणं, थंडीत मुंबई’, त्या वाक्यानं अर्धं काम केलंय. ही मुंबई सरकारच्या मुक्कामांची चाल आहे. गव्हर्नर एप्रिल-मेमध्ये महाबळेश्वरला, पाऊस लागला की पुण्याला गणेशखिंडीत (आज जिथे विद्यापीठ आहे तो वाडा), आणि दिवाळीनंतर मुंबईला मलबार हिलवर. त्यांच्याबरोबर सेक्रेटरी, त्यांचे हाताखालचे, कारकून, दप्तरं, पट्टेवाले असा सगळा लवाजमा हलायचा. नुसतं महाबळेश्वर म्हणाला असतात तर मी काहीच म्हटलं नसतं, कारण हवा खायला तिथे व्यापारीही येत, मिशनरीही येत, लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकाही येत. पण तिन्ही मुक्काम, तेही वर्षानुवर्षं ठरल्या क्रमानं, म्हणजे माणूस बहुधा सेक्रेटरिएटमधला किंवा गव्हर्नरच्या पदरचा. पलटणीतला अधिकारी असा फिरत नाही. त्याची बदली झाली तर तो थेट क्वेट्ट्याला नाहीतर रावळपिंडीला जातो. कलेक्टर पावसाळा आपल्या जिल्ह्याच्या गावी काढतो आणि थंडीत तंबू घेऊन फिरतीवर निघतो. ‘थंडीत आम्ही राहुट्यांत राहायचो, सामान बैलगाड्यांवर असायचं’ असं आजी म्हणाली असती तर मी कलेक्टर किंवा जंगल खात्याचा साहेब धरला असता. मुंबईच्या कंपन्यांचे साहेब बहुतेक माथेरानला जायचे. ते जवळ, आणि 1907 पासून गाडीही होती.

शिवाय जावळी तालुका महाबळेश्वरच्या पायथ्याशी. माझा अंदाज असा की आजी पहिल्यांदा हंगामापुरती वर गेली असणार, आणि मूल तिला लागलं म्हणून मेमसाब तिला पुण्याला घेऊन आली. हा नुसता अंदाज आहे, पण तो धरला तर गावातलं आणखी कोणी त्या बंगल्यात कामाला होतं का, हेही विचारता येतं. साहेबांकडच्या नोकऱ्या ओळखीनं लागायच्या. माळी, भिस्ती (पाणी भरणारा), मोतद्दार (घोडे सांभाळणारा), यांतलं एखादं घर तुमच्याच आळीत निघेल, आणि साहेबाचं नाव त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा सरळ टिकलेलं असेल.

घरातल्या माणसांबद्दल विचारताना पट्टेवाल्याबद्दल विसरू नका. लाल पट्टा आणि पितळी बिल्ला लावलेला माणूस रोज बंगल्यावर दप्तर घेऊन येत असेल तर साहेब मुलकी सरकारी. खाकी कपड्यातला ऑर्डर्ली असेल तर लष्करी. दोन्ही नसतील, नुसता बटलर, हमाल आणि ड्रायव्हर असेल, तर कंपनीतला. (इथला ‘हमाल’ म्हणजे ओझी वाहणारा नव्हे, मुंबईकडच्या साहेबी घरात फर्निचर पुसणाऱ्या, दिवाबत्ती करणाऱ्या गड्याला हमाल म्हणत.) माणसं मालकाचा हुद्दा विसरतात, पण घरी कोण यायचं आणि त्याच्या अंगावर काय असायचं हे विसरत नाहीत.

हुद्द्यावर फार विसंबू नका, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका बाईंची आजी येरवड्याला ‘कर्नल साहेबाकडे’ होती. मी चार महिने पलटणींच्या याद्या चाळल्या, हाती शून्य. साहेब निघाले डॉक्टर! इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांना लष्करी हुद्दे असत आणि त्यातले कितीतरी जण सिव्हिल सर्जन किंवा तुरुंगाचे सुपरिंटेंडेंट म्हणून मुलकी कामावर असत. ‘साहेब सकाळी तुरुंगात जायचे’ हे वाक्य माझ्याच वहीत पहिल्या पानावर होतं. मी ते वाचून पुढे गेलो होतो.

मग वर्षं. सन कोणाला आठवत नाही, तो विचारूही नका. घटना विचारा. 1937 ला मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा आजी पुण्यात होती का? लढाई सुरू झाली तेव्हा टॉमीबाबा चालत होता की कडेवर होता? पुणे कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात 24 जानेवारी 1943 ला बाँब फुटला. कॅम्पात राहणाऱ्या कुठल्याही आयेला ती रात्र विसरणं शक्य नव्हतं. मुंबईच्या गोदीतला स्फोट 14 एप्रिल 1944 चा. एप्रिल आहे, म्हणजे त्यांच्या नेमानं ते महाबळेश्वरला असायला हवेत. आजी जर ‘त्या दिवशी खिडक्यांची तावदानं हादरली’ असं सांगत असेल, तर त्या वर्षी नेम मोडला होता. लढाईमुळे की बदलीमुळे, हे पुढे पाहू.

त्याहून मोलाचा असतो नोकरीतला खंड. ‘मधे साहेब विलायतेला गेले होते तेव्हा मी सात-आठ महिने गावी होते’, असं काही आत्यांच्या कानावर आलंय का? साहेब लोकांना लांब रजा मिळे, आणि कोण कधीपासून कधीपर्यंत रजेवर, त्याच्या जागी कोण, हे सगळं बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून येई. लढाई सुरू झाल्यावर समुद्र धोक्याचा झाला आणि बायकामुलांसह असं जाणं जवळजवळ थांबलं, म्हणून असा खंड 1939 च्या आधीचा असण्याचा संभव जास्त. चार-पाच मॅकेन्झी-मॅकिनन हाताशी असले तर त्यांतला नेमका कोणता, हे या रजेवरून ठरतं. नाव जुळणारे बरेच निघतात. नाव, तीन मुक्काम, मुलाचं वय आणि रजा एवढं सगळं जुळणारा माणूस एकच निघतो.

एवढं जमलं की पुस्तकांकडे वळा. ‘बॉम्बे सिव्हिल लिस्ट’मध्ये त्या त्या वेळी कोण कुठल्या जागेवर होता ते मिळतं. सनदी अधिकाऱ्यांच्या नोकरीचे तपशील देणारे सरकारी ग्रंथही आहेत; त्यात एकेका माणसाच्या बदल्या तारखांसकट ओळीनं असतात. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे अर्ज करून हे पाहता येतं. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, तिथे जुन्या डिरेक्टऱ्या मागा. ‘थॅकर्स’ ही त्यातली सगळ्यात कामाची: त्यात हिंदुस्थानभरच्या युरोपियन रहिवाशांची नावं वर्णानुक्रमानं, हुद्दा आणि ठिकाण यांसह असतात. तिचे बरेच खंड आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. साहेब लष्करी निघाला तर आर्मी लिस्ट पाहावी लागेल. त्यातल्या बऱ्याच स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं नेटवर खुल्या केल्या आहेत. या याद्या वाचताना घाई करू नका. मी पेन्सिलीनं जुन्या पाढ्यांसारखा तक्ता आखतो: डावीकडे वर्षं, वर महिने, आणि आजीच्या आठवणी ज्या घरात बसतील त्या घरात लिहितो. मग एकेक साहेब त्या तक्त्यावर ठेवून पाहायचा.

पण तुमच्याकडे याहून छोटी वाट आहे, ती म्हणजे टॉमीबाबा. आया कामाला लागली म्हणजे बहुतेक वेळा मूल नुकतं जन्मलेलं असतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला दरसाल लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत आणि मुंबईच्या नोंदींची मालिका ‘एन 3’ या खुणेची आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, बापाचा हुद्दा आणि राहण्याचं ठिकाण इतकं सगळं एका ओळीत असतं. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, जिला सगळे फिबिस म्हणतात, तिच्या साइटवर अनुक्रमणिका फुकट शोधता येते. मूळ पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर पैसे भरून दिसतात. 1934 ते 1939 या काळात थॉमस नावाचं मूल, ‘म’नं सुरू होणारं आडनाव, पुणे, मुंबई किंवा महाबळेश्वर. हे चाळायला दोन संध्याकाळी पुरतील. एक पथ्य पाळा: कुटुंब स्कॉटिश असेल तर नोंद प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सापडेल, आणि मेमसाब बाळंतपणाला विलायतेला गेली असेल तर इथे सापडणारच नाही. न सापडणं म्हणजे मूल नव्हतं, असं नव्हे.

आता चिठ्ठी. तुम्ही ती ‘नुसतं सर्टिफिकेट आहे, नाव वाचता येत नाही’ म्हणून बाजूला ठेवलीत, म्हणून जरा रागावतो. साहेब बदलून निघाला की नोकराला असा कागद देई. त्याच्या जोरावर पुढची नोकरी लागे. ‘चिट’ हा इंग्रजी शब्दच आपल्या चिठ्ठीवरून गेलाय. लोक या चिठ्ठ्या पत्र्याच्या डबीत जपत, स्वतःला वाचता येत नसली तरी. तिच्याकडे पाहायचं ते असं. आधी माथा: छापील पत्ता आहे का, क्लबाचं नाव आहे का, मुकुट किंवा पलटणीचं चिन्ह उठवलेलं आहे का? कागद खिडकीवर धरा. आत पाणचिन्ह दिसेल, त्यात कधीकधी सालही असतं. मग तारीख आणि गाव. मग मजकूर: ‘माझ्याकडे इतकी वर्षं होती’ हा आकडा महत्त्वाचा, कारण चिठ्ठीच्या तारखेतून तो वजा केला की नोकरीची सुरुवात मिळते आणि टॉमीच्या जन्माशी ताडून पाहता येते. शेवटी सही. इथे बहुतेक जण फसतात. आयेला चिठ्ठी साहेब देत नाही, मेमसाब देते. त्यामुळे आद्याक्षरं तिची असतात, नवऱ्याची नव्हेत. ‘ई. एम. मॅक-काहीतरी’ असेल तर ‘ई. एम.’ नावाचा अधिकारी शोधत बसू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव एडिथ की एलेनॉर ते पाहा. सहीखाली साहेबाचा हुद्दा असेल तर उत्तमच. ‘आय.सी.एस.’ (इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे सनदी अधिकारी) असेल तर काम फार सोपं, सगळ्या हिंदुस्थानात मिळून ते हजार-बाराशेच होते. ‘आर.ई.’ म्हणजे रॉयल इंजिनिअर्स, ‘आय.पी.’ म्हणजे पोलीस, ‘आय.एम.एस.’ म्हणजे माझे वर सांगितलेले डॉक्टर.

फोटोची मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, अल्बममधून सोलून काढल्याच्या डिंकाच्या खुणा. डिंक असेल तर तो फोटो आधी मेमसाबच्या अल्बमात होता आणि निघताना तिनं तो काढून आजीला दिला. त्याची दुसरी प्रत त्या घरात असण्याची शक्यता आहे, ही गोष्ट शेवटी उपयोगी पडेल.

ट्रंकेत मनीऑर्डरीची कुपनंही शोधा. आजी गावी आईला पैसे पाठवत असणार, दोन मुलं तिथे होती. कुपनावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, आणि आयेचा पत्ता म्हणजे अमुक साहेब यांचे बंगल्यावर, तमुक रोड. ते कारकुनानं लिहिलेलं असल्यामुळे स्पेलिंगही बऱ्यापैकी बरोबर असतं. मला आजवर जी घरं सापडली त्यातली निदान तीन अशा कुपनांवरून सापडली.

बंगल्याचा पत्ता मिळाला की लोक कँटोन्मेंटच्या जमीन रजिस्टरकडे धाव घेतात. त्याचा या कामात फारसा उपयोग नाही. त्यात घराचा मालक सापडतो; पुणे कॅम्पात तो पुष्कळदा पारशी किंवा बोहरी असे, आणि साहेब त्याचा भाडेकरू. एका गृहस्थांनी असाच बंगल्याचा मालक शोधून त्याच्या नातवंडांना भावूक पत्र पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: आमच्या आजोबांनी तिथे एक दिवसही मुक्काम केला नाही.

साहेब ठरला की पुढचा प्रवास सोपा, कारण तिकडच्या नोंदी भरघोस आहेत. ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या प्रवाशांच्या बोटवार याद्या 1878 ते 1960 पर्यंतच्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर दिसतात. 1945 ते 1947 मधल्या मुंबईहून सुटलेल्या बोटी पाहा: नवरा, बायको, मूल, वयं आणि एका रकान्यात ब्रिटनमध्ये जाण्याचा पत्ता. त्या पत्त्यावरून मृत्युपत्रांच्या सूचीत जा. इंग्लंड-वेल्सची 1858 पासूनची सूची नेटवर खुली आहे, स्कॉटलंडची वेगळी. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, तेही फुकट आहे. केंब्रिजच्या सेंटर ऑफ साउथ एशियन स्टडीजमध्ये अशा कुटुंबांनी दिलेले कागद, आठवणी आणि घरगुती चित्रफिती आहेत. तिथेही एकदा डोकावा.

या याद्यांमध्ये आजी शोधू नका, हे मात्र आधीच सांगतो. ज्या आया साहेबाबरोबर बोटीनं गेल्या त्यांच्या नावासमोरसुद्धा बऱ्याचदा नुसतं ‘मिसेस अमुक यांची आया’ एवढंच आहे. लंडनमध्ये हॅकनीला किंग एडवर्ड्स रोडवर अशा परत पाठवायच्या राहिलेल्या बायकांसाठी एक आयांचं वसतिगृह होतं. 2022 मध्ये तिथे निळी पाटी लागली. तिथे राहून गेलेल्या कितीतरी जणींची नावंही आज सांगता येत नाहीत. साहेबाचा माग काढता येतो तो तो साहेब होता म्हणून. आजीचं जे काही आहे ते तुमच्या ट्रंकेत आणि आत्यांच्या तोंडी आहे.

टॉमीबाबा हयात असतील तर नव्वदीच्या घरात असतील. त्यांना किंवा त्यांच्या मुलांना लिहायची वेळ आली तर पत्र एका पानाचं ठेवा. आम्हाला काही नको आहे हे दुसऱ्याच वाक्यात लिहा, नाहीतर परक्या देशातून आलेलं पत्र म्हणून ते घाबरतात. आजीच्या नावावर भर देऊ नका. तिकडे ती नुसती ‘आया’ असेल, नाहीतर भलत्याच स्पेलिंगात असेल. फोटोची प्रत जोडा आणि विचारा, तुमच्या अल्बमात ही बाई आहे का? उत्तराला दोन-तीन महिने द्या, आणि तोवर दुसरं पत्र पाठवू नका.

हे सगळं नंतर. या रविवारी आत्यांकडे जा, चिठ्ठी आणि फोटो त्यांच्या हातात द्या आणि फोन रेकॉर्डिंगला लावून गप्प बसा. ‘साहेबाचं नाव काय होतं’ असं विचारू नका. बंगल्यावर लाल पट्ट्याचा माणूस यायचा का, एवढंच विचारा. आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन मला पाठवा, मागची कोरी असली तरी.